टोस्टरच्या मापाचा कागद

टोस्टर घ्यायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न ब्रेडचा विचारत नाही. मी विचारते, सकाळी साडेसातला तुमच्या ओट्यावर काय काय असतं?

बायका लगेच सांगायला लागतात. पुरुष बायकोकडे बघतात. एकटी राहणारी पोरं फोन काढून फोटो शोधतात, आणि त्यात गडाचे, कुत्र्याचे, मित्राच्या हळदीचे फोटो निघतात, ओट्याचा एकही निघत नाही. मग मी त्यांना घरी पाठवते. हातात एक कागद देऊन. त्या कागदाचीच ही गोष्ट आहे.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. आधीच सांगून टाकते, कारण कुणीतरी विचारेल ही धास्ती मला बारा वर्षं आहे. गाव किनवटकडचं. सातवीपर्यंत शाळा गावात होती, आठवीला पलीकडच्या गावी चालत जायचे, मधल्या ओढ्यानं एका पावसाळ्यात शाळा सोडवली ती सोडवलीच. लग्न झालं, हे चाकणला एका कंपनीत कंत्राटावर लागले आणि आम्ही निगडीला एका खोलीत आलो. गावाकडून इथं यायला एक दिवस पुरत नाही. त्यामुळे काही बिघडलं तर माघारी जाऊ, असं मला कधी म्हणताच आलं नाही.

चिंचवडच्या बाजारात अत्तारचाचांचं घरगुती विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर, पंखे, टोस्टर. चाचा इथलेच, चार पिढ्यांचे. त्यांनी मला झाडलोटीला ठेवलं होतं. एका दुपारी चाचा नमाजला गेले असताना एक बाई टोस्टर बघायला आल्या आणि चालवून दाखवा म्हणाल्या. आमच्याकडे वस्तू चालू करून दाखवल्याशिवाय देत नाहीत, त्यासाठी ब्रेड आणि बटर रोज आणलेलं असायचं. मी टोस्टर कधी हाताळलेला नव्हता, पण भाजणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ब्रेडला दोन्ही बाजूंनी बटर व्यवस्थित चोपडलं, खाचेत सोडलं आणि दांडा खाली ओढला.

धूर असा निघाला की समोरचा कापडवाला पाण्याची बादली घेऊन आला. आमच्या दुकानाचा मेन स्विच पडला. बाई पिशवी तिथंच टाकून रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. चाचा आले, त्यांनी टोस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अगं बाय, तवा न्हाई त्यो," एवढंच म्हणाले.

मी चपला घालून निघायच्या तयारीत होते. चाचांनी मला बसवलं, चहा मागवला, उरलेल्या ब्रेडचा कोरडा टोस्ट काढून त्यावर वरून बटर लावून दिला. आयुष्यातला पहिला टोस्ट मी रडत खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काउंटरवर उभं केलं. म्हणाले, जी चूक गिऱ्हाईक घरी जाऊन करणार, ती तू हितंच करून दाखवलीस, आता ती दुसऱ्या कुणाला करू देऊ नको. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मोजायला बसले तर हे जिथं छापून येतंय तो अख्खा अंक पुरणार नाही.

पण चाचांचा एक नियम होता, आणि त्या नियमानं माझा घाम काढला. ज्यानं वस्तू विकली, त्यानंच ती परत आणायची. गिऱ्हाइकानं परत आणून देण्याची वाट बघायची नाही. विकणाऱ्यानं स्वतः बसनं त्यांच्या घरी जायचं, वस्तू कुठं ठेवली होती ते डोळ्यांनी बघायचं, आणि खोका मांडीवर घेऊन यायचं. चाचांचं म्हणणं, मांडीवर खोका घेऊन बसलं की डोकं चालतं.

माझा पहिला खोका हिंजवडीकडून आला. नवराबायको दोघं कंपनीतले. साहेबांना मी विचारलं होतं, ओट्यावर जागा किती आहे? त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढी. त्या एवढ्यात आमचं दुकान मावलं असतं. मी दोन खाचांचा, उभा टोस्टर दिला. आठ दिवसांत फोन आला.

मी दोन बसा बदलून, हिंजवडीच्या गर्दीत कंपनीच्या गाड्यांमध्ये पाऊण तास एकाच झाडाकडे बघत बसून त्यांच्या चौदाव्या मजल्यावर पोचले. स्वयंपाकघर छान होतं, पण एका माणसानं वळायचं ठरवलं तर दुसऱ्यानं बाहेर जावं लागेल असं. टोस्टर भिंतीतल्या कपाटाखाली सरकवलेला होता. उभ्या टोस्टरची गरमी सरळ वर जाते. वरच्या कपाटाचा चकचकीत पापुद्रा पुरीसारखा टम्म फुगला होता.

मी माफी मागायला सुरुवात केली. बाईंनी मला थांबवलं. "तुमची चूक नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी हात जरा जास्त पसरले."

साहेब मी आल्यापासून हात खिशात घालून उभे होते.

येताना खोका मांडीवर होता. चाचांचं म्हणणं खरं निघालं. मला आमच्या गावची मावशी आठवली. ती ब्लाउज शिवायची, पण कापडाला कात्री लावायच्या आधी रद्दी पेपर कापून बाईच्या अंगाला लावून बघायची. मावशी म्हणायची, पेपर फुकट गेला तर रडू येत नाही. दुकानात पोचल्यावर मी टोस्टर पेपरवर ठेवला, भोवतीनं पेन्सिल फिरवली आणि कात्रीनं कापला. तेव्हापासून टोस्टरच्या प्रत्येक मापाचा कागद माझ्या काउंटरवर असतो.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून थोडं धंद्याचं सांगते. टोस्टर तीन तऱ्हेचे. उभा, ज्यातून टोस्ट उडी मारून वर येतो. तो कपाटाखाली नको. दाबून बंद करायचा, सँडविचवाला. तो कमी जागा खातो पण झाकण उघडायला मागं हातभर मोकळं लागतं, हे कुणी सांगत नाही. आणि तिसरी पेटी, ओव्हनसारखी, जिच्यासाठी शहरातल्या लहान घरात निम्मा ओटा रिकामा करावा लागतो. शिवाय टोस्टरची वायर आखूड असते. ती गॅसवरून न्यायची नाही. आणि ओट्याजवळ प्लग असतो एकच किंवा दोन, त्यावर मिक्सर आणि पाण्याचं फिल्टर आधीच बसलेले. कितीतरी घरात टोस्टर चालतो, पण त्याची पाळी येत नाही.

दुसरा प्रश्न मी विचारते, घरात ब्रेड येतो का पाव? आपल्याकडे पाव जास्त, आणि लादीपाव टोस्टरच्या खाचेत जात नाही. तिसरा प्रश्न, शिळी पोळी घालणार का? यावर सगळे नाही म्हणतात आणि सगळे घालतात. घडी करून घातलेली पोळी आत उलगडते आणि मग ती सुरीनं उकरतात, बटण चालू ठेवून. एवढं विचारून झाल्यावर मी कागद देते. दोन सकाळ हा ओट्यावर ठेवा. डबे, पोहे, सगळं रोजच्यासारखं करा. कागद ओला झाला, सरकवावा लागला, किंवा त्यावर कुणी काही ठेवलं, तर तिथं टोस्टर राहणार नाही.

निम्मी गिऱ्हाइकं परत येत नाहीत. हे मी मान्य करते. काहींना मी सरळ गॅसवर ठेवायची जाळी देते, ती भिंतीला खिळ्यावर टांगता येते. निगडी प्राधिकरणात राहणारे एक निवृत्त इंजिनियर काका तीन आठवड्यांनी कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी पेननं बाण काढले होते, उत्तर दिशा दाखवली होती, आणि आठ जागांची नोंद होती. सहावी जागा सगळ्यात योग्य होती, पण ती काकूंच्या पोळपाटाची होती. "तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे," काका म्हणाले, "पण मंजुरी मिळाली नाही." ते जाळी घेऊन गेले. कागदही मागून घेतला.

चाचा माझ्यावर हसायचे. तू मशीन विकतीस का स्थळ बघतीस, म्हणायचे. पण माझे खोके परत येणं जवळजवळ बंद झालं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. हा माझा प्रामाणिकपणा आहे असं कुणी म्हटलं की मला लाज वाटते. खरं सांगायचं तर ती बसची भीती होती.

मग चाचांचा मुलगा इम्तियाजभाऊ दुकान बघायला लागला. शिकलेला, बोलायला चांगला, बापाला मान देणारा. त्यानं काच लावली, दिवे लावले, परत आणायचा नियम मात्र बापाचा म्हणून तसाच ठेवला. निगडीला मोठी शोरूम काढायचं ठरलं आणि एक दिवस त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिथं काउंटरला निदान दहावी पास माणसं लागतील. माझी दहा वर्षं झाली होती म्हणून तो अवघडून बोलत होता. "वनिताताई, दिवाळीपर्यंत बघू. फक्त ते कागद कापणं जरा कमी करा. शोरूममध्ये कात्री बरी दिसत नाही."

मी हो म्हणाले. घरी हे म्हणाले, चाकणच्या कँटीनला पोळ्या लाटायला बाया लागतात. चांगल्या मनानं म्हणाले, पण मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दसऱ्याच्या महिनाभर आधी शेवंताआत्या आल्या. चाकणकडच्या जुन्या घरच्या बाई, नऊवारी, मोठी गाडी, गाडी चालवायला पुतण्या. त्यांनी आपल्या जमिनीवर भाड्याच्या खोल्यांची इमारत बांधायला काढली होती. अठरा खोल्या, प्रत्येकीला लहान स्वयंपाकघर.

"एजंट म्हनला, खोलीत समदं आयतं असलं की कंपनीची पोरं बिनबोभाट ऱ्हात्यात," आत्या म्हणाल्या. "त्यानं यादी दिलीय. गीझर हाय, मिक्सर हाय, आन ह्यो पाव भाजायचा. अठरा द्या."

इम्तियाजभाऊनं स्वतः उठून खुर्ची दिली. थंड मागवलं. अठरा टोस्टर आम्ही वर्षात विकत नव्हतो. आणि भाऊनं मोठ्या मनानं बिलावर विकणारा म्हणून माझं नाव घालायला सांगितलं, नव्या शोरूमला माझी बाजू बळकट व्हावी म्हणून. त्याचे आभारच मानायला हवे होते. पण मला समोर अठरा खोके दिसायला लागले. चाकणचा रस्ता, कांद्याचे ट्रक, कंपनीच्या बसा, आणि प्रत्येक वेळी माझ्या मांडीवर एक. अठरा खेपा.

माझं तोंड उघडलं. "आत्या, ओटा केवढा आहे?"

इम्तियाजभाऊनं माझ्याकडे असं बघितलं की मी पायाखाली बघितलं. आत्या मात्र खूश झाल्या. "वटा व्हय? हाय की. ये बघाया."

दुसऱ्या दिवशी भाऊच्या गाडीतून आम्ही गेलो. मी कागद पदराखाली घेतला होता. इमारतीचं काम अर्धं झालेलं, ओट्यांच्या विटा लागल्या होत्या, वरचा दगड बसायचा होता. आत्यांनी पहिल्या खोलीचा ओटा दाखवला. गॅसची जागा, भांडी घासायची जागा, आणि संपला. मी कागद ठेवला. तो निम्मा ओट्यावर राहिला, निम्मा मोरीत लोंबायला लागला. प्लगची पेटी एकच होती.

भाऊ म्हणाला, फ्रिजवर ठेवता येईल. पुतण्या म्हणाला, फ्रिज यादीत नाही.

आत्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू सांग गं. तुज्या घरात ठिवशील का ह्यो?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. पण त्या बाईनं इतकं सरळ विचारलं की मला सुचलंच नाही. "माझ्याकडे नाहीये आत्या. दहा वर्षं विकते, पण माझ्या ओट्यावर बसत नाही. मी कागद ठेवून बघितला होता."

इम्तियाजभाऊ खिडकीच्या भगदाडातून बाहेर ट्रक बघत उभा राहिला. आत्यांनी कागदाची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत खोचली. "कागद माज्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. ऑर्डरचं काही बोलल्या नाहीत.

येताना मोशीला भाऊनं गाडी हळू केली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "कात्री उद्या अब्बांकडे द्या."

दिली. चाचांनी ती गल्ल्याच्या खणात ठेवली. पुढचे तीन आठवडे मी गिऱ्हाइकांना काही विचारलं नाही. जे मागतील ते दिलं. विक्री वाढली, हे कबूल करते. पण रोज संध्याकाळी मला वाटायचं की मी उधळत चाललेल्या बैलांना गाडी जुंपून देतेय. नवऱ्याला मी कँटीनचा पत्ता विचारून ठेवला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यांचा फोन आला. भाऊनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, कारण तो काहीतरी बांधत होता आणि हात मोकळे नव्हते.

"अठरा पाठीव रे. वटं वाढिवलं म्यां, दीड-दीड ईत. पलग बी दुसरा घेतला. त्या पोरीचा कागद मिस्त्रीनं भितीला चिकटावलाय, त्याच मापानं. दगड बसायच्या आदी बोलली म्हून बरं, न्हाईतर फोडाया लागलं असतं."

ओट्याला बसेल असा टोस्टर शोधायचं काम मी दहा वर्षं करत होते. टोस्टरला बसेल असा ओटा बांधणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं.

भाऊनं हातातलं काम संपवलं. खणातून कात्री काढून माझ्यासमोर ठेवली. "नाव तुमचंच घालतोय," तो म्हणाला. "नियम माहितीये ना? परत आले तर अठराच्या अठरा तुम्ही आणायचे. निगडीचं त्यावर बघू."

म्हणजे माझा जीव परत टांगणीला. दिवाळी गेली. शोरूम उघडली, मला तिथं उभं केलं, पण टोस्टर परत येतात का ते कळेपर्यंत मी तिथं स्वतःचं असं काही ठेवलं नाही. चाकणहून एकही टोस्टर परत आला नाही. एक महिना, दोन महिने, सहा. अठरात निदान एक तरी बिघडतो. एकही परत न येणं हे काही खरं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

सातव्या महिन्यात तिथल्या पाच नंबरच्या खोलीतून, आमच्याकडूनच गेलेल्या मिक्सरची तक्रार आली. मी मागून घेतली आणि गेले.

दार उघडलं ते एका मुलीनं. हिंगोलीकडची, एका सुट्या भागांच्या कंपनीत कामाला, आणखी दोघींबरोबर राहणारी. तिचं बोलणं ऐकून मला आमचा ओढा आठवला. मिक्सर जास्त भारानं नुसता बंद पडलेला, खालचं लाल बटण दाबल्यावर चालू झाला. मग मी भीत भीत ओट्याकडे बघितलं. वाढवलेल्या त्या दीड वितीत परात होती. परातीत ज्वारीचं पीठ, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि दोन भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या.

"टोस्टर कुठाय गं?" मी विचारलं.

"माळ्यावर हाय की. खोक्यातच." तिनं माझा चेहरा बघितला. "काय झालं मावशी? न्यायला आलाव का?"

"परत करायचाय का तुला?"

"छे, राहू द्या. ती जागा लई कामाची निघाली बघा. आधीच्या खोलीत मी खाली बसून भाकरी थापायचे, उठताना गुडघे दुखायचे. हितं उभ्यानं होतंय."

मी मिक्सर तपासते म्हणून सांगून आणखी खोल्या बघितल्या. ज्या उघड्या होत्या त्या सगळ्या. टोस्टर तीन खोल्यांत चालू होता, त्यातल्या एकीत पोळ्यांसाठी. बाकी ठिकाणी त्या जागेवर कुठं कुकर, कुठं देव, कुठं परीक्षेची पुस्तकं उभी रचलेली. एका पोरानं तिथं इस्त्री करायला पंचा घातला होता. सगळ्यांचे टोस्टर माळ्यावर आणि सगळे खूश. परत करा म्हटलं तर जागाही जाईल की काय, अशी त्यांना शंका येत होती.

शोरूममध्ये आल्यावर भाऊनं विचारलं, टोस्टर कसे चाललेत?

"एकही परत येणार नाही," मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. त्या संध्याकाळी मी माझा चहाचा कप पहिल्यांदा शोरूमच्या फडताळात ठेवला.

याला आता दीड वर्ष झालं. चाचा अधूनमधून येतात, माझ्या कात्रीला धार लावून आणतात. आमच्या एक गिऱ्हाईक बाई या अंकाचं काम बघतात. किटली नेताना त्या म्हणाल्या, तुम्ही जे बोलता तेच लिहून द्या. त्यांचे आभार. आठवीवाल्या बाईला कुणी लिहायला सांगेल, असं मला वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात शेवंताआत्यांचा फोन आला. दुसरी इमारत काढलीय, चोवीस खोल्यांची. एजंटची यादी अजून यायचीय, पण ओटे पुढल्या सोमवारी बांधायला घेणार. "आदी तुजा कागद धाड," म्हणाल्या, "टोस्टरचं मागनं बघू."

मी पेपर अंथरला. खोका समोर घेतला नाही. काउंटरवर दोन्ही तळहात टेकवले, भाकरी थापताना ठेवते तसे, कोपरं मोकळी सोडली, आणि तेवढ्याला पेन्सिल फिरवली. इम्तियाजभाऊ मागं येऊन उभा राहिला. त्यानं कागद बघितला, मांडणीवरचे टोस्टर बघितले.

"हा कुठल्या मॉडेलचा?"

"मोठ्या," मी म्हणाले, आणि कापला.